डबीतला किडा आणि मैनेचा ताप

मंडळी, लखनऊ छावनीत येऊन आता वर्ष होत आलं. मागच्या लेखात दिलकुशा कोठीबद्दल लिहीन असं कबूल केलं होतं, पण ते पुढे ढकलतो. मध्ये एक किडा आला.

आम्हाला मिळालेला बंगला जुना आहे. उंच छत, जाड भिंती, चुन्याचे पोपडे, मागच्या व्हरांड्यात आंब्याची फांदी थेट आत आलेली. एमईएसवाले दर वर्षी भिंती रंगवतात आणि दर पावसाळ्यात भिंती तो रंग सोडून देतात. अशा घरात माणसं पाहुणी असतात, खरे रहिवासी पाली, मुंग्या, वटवाघळं आणि उंदीर. बायकोचं त्याबद्दल काही म्हणणं उरलेलं नाही. अठरा वर्षांत अकरा घरं बदलली की माणूस पालीला नावं ठेवणं सोडतो.

तर भाद्रपदातली सकाळ. बायको उठली ती उजवा डोळा सुजवून. पापणी टम्म, लाल, दुखत नाही म्हणाली. त्याच वेळी मुलीला पलंगाच्या डोक्याकडच्या भिंतीवर एक किडा दिसला. काळपट, इंचभर लांब, निमुळतं डोकं, पोटाच्या कडेला तांबडे पट्टे. मुलगी बारावीला आहे, बायोलॉजी तिचा विषय, आणि हातात मोबाईल. पाच मिनिटांत निदान तयार. "बाबा, हा किसिंग बग आहे. हा झोपलेल्या माणसाच्या ओठाजवळ, डोळ्याजवळ चावतो. आईचा डोळा बघा, याला रोमान्या साइन म्हणतात. वीस वर्षांनी हार्ट फेल होतं."

बायको आरशासमोरून म्हणाली, "वीस वर्षं आहेत ना? मग आधी चहा घेऊ."

मी विनोदात सामील झालो खरा, पण किडा मात्र काचेच्या ग्लासाखाली पकडून चटणीच्या रिकाम्या डबीत बंद केला. घाबरलो नव्हतो, असं लिहिलं तर ते खोटं होईल.

इथे सेनेच्या वैद्यकीय कोअरचं, म्हणजे एएमसीचं, सेंटर आणि कॉलेज आहे. त्यामुळे लखनऊ छावनीत तुम्ही दगड मारलात तर तो डॉक्टरला लागायची शक्यता बरीच. माझा एक दोस्त तिथे आहे. मूळचा नागपूरकडचा, पुण्याच्या एएफएमसीत शिकलेला. मी खडकवासल्याला ड्रिल स्क्वेअरवर घाम गाळत होतो तेव्हा हा चाळीस मिनिटांवर पुण्यात मढी फाडत होता, पण ओळख झाली ती पुढे पंधरा वर्षांनी, एका बर्फाळ जागी. संध्याकाळी तो घरी आला. आधी वहिनींचा डोळा बघितला. बोटाने पापणी उलटी केली आणि हसला.

"वहिनी, रांजणवाडी आहे. गरम पाण्याचा शेक द्या. तीन दिवसांत जाईल."

एवढं मोठं दक्षिण अमेरिकेतलं प्रकरण रांजणवाडीवर आलं. मुलगी नाराज झाली. मग त्याने डबी उघडली, खिशातलं भिंग काढलं आणि तिला जवळ बोलावलं. "याची सोंड बघ. जाड आहे आणि धनुष्यासारखी वाकडी आहे, डोक्यापासून सुटी दिसते. हा शिकारी. दुसऱ्या किड्यांना भोसकून त्यांचा रस पितो. रक्त पिणाऱ्याची सोंड बारीक, सरळ आणि डोक्याखाली चिकटून दुमडलेली असते. घराणं एकच, धंदा वेगळा. हा ट्यूबलाइटला आलेले किडे खायला आला होता. आणि हा आईला चावला असता ना, तर आई किंचाळून उठली असती. याचा चावा विलक्षण दुखतो. किसिंग बगचा चावा कळतही नाही, त्याच्या थुंकीतच भूल असते."

इथे थोडं थांबून त्या खऱ्या किसिंग बगबद्दल सांगतो, कारण त्या रात्री जेवणाच्या टेबलावर दोन तास तोच विषय होता आणि मला तो आवडला.

हा किडा आपल्या ढेकणाचा लांबचा नातेवाईक, आकाराने मात्र बराच मोठा. अंड्यातून निघाल्यावर प्रौढ होईपर्यंत पाच वेळा कात टाकतो आणि प्रत्येक कातेआधी त्याला रक्त लागतं. दिवसा भिंतीच्या भेगेत, गवताच्या छपरात दडून बसतो, रात्री बाहेर येतो. झोपलेल्या माणसाचा उघडा भाग म्हणजे चेहरा, म्हणून तिथे चावतो आणि म्हणून हे लाडकं नाव. ब्राझीलमध्ये त्याला न्हावी म्हणतात. चार्ल्स डार्विनला 26 मार्च 1835 रोजी अर्जेंटिनातल्या मेंडोझाजवळ अशाच एका किड्याने रात्री गाठलं होतं. त्याने पुढे लिहून ठेवलंय की असा एक किडा टेबलावर ठेवून बोट पुढे केलं की तो लगेच सोंड काढून धावून येतो आणि दहा मिनिटांच्या आत चपट्याचा गोल होतो. जहाजावरच्या एका ऑफिसरने त्याला एकदा पोटभर रक्त पाजलं, त्यावर तो चार महिने गुबगुबीत राहिला. ऑफिसर लोकांना कामं कमी असली की काय काय सुचतं याचा हा पुरावा समजा.

रोग मात्र चाव्यातून होत नाही, ही गंमत मला माहीत नव्हती. किडा रक्त पिता पिता किंवा पिऊन झाल्यावर तिथेच विष्ठा टाकतो. परजीवी त्या विष्ठेत असतो. माणूस झोपेत खाजवतो, डोळा चोळतो आणि स्वतःच्या हाताने त्याला आत घेतो. म्हणून पापणी सुजते. पहिला ताप बऱ्याचदा साधा वाटतो आणि निघून जातो. मग वर्षानुवर्षं काही नाही. पुढे दहातल्या दोन-तीन जणांचं हृदय सैल पडत जातं, काहींचं आतडं फुगतं. कार्लोस शागास नावाचा ब्राझीलचा तरुण डॉक्टर लासान्स गावी रेल्वेच्या मजुरांमधला मलेरिया आवरायला गेला होता. तिथल्या एका इंजिनिअरने त्याला हा किडा दाखवला. किड्याच्या पोटात त्याला शेपटीवाला परजीवी सापडला, त्याला त्याने आपल्या गुरूचं, ओस्वाल्दो क्रूझ यांचं, नाव दिलं, आणि 14 एप्रिल 1909 रोजी बेरेनिस नावाच्या दोन वर्षांच्या मुलीच्या रक्तात तोच परजीवी बघितला. बहुतेक वेळा आधी रोगी सापडतो, मग जंतू, मग तो आणणारा. याने उलट्या बाजूने चाल केली. आमच्याकडे अशा ऑफिसरला शौर्यपदक नाही मिळालं तरी स्टाफ कॉलेजला केस स्टडी म्हणून नक्की शिकवतील.

"आपल्याकडे नाहीतच का हे?" मुलीने विचारलं.

"किडे आहेत," डॉक्टर म्हणाला. "एक जात बंदरांच्या गावी सापडते, उंदरांच्या संगतीने जहाजातून जगभर फिरलेली. आणि लिंशकोस्टिअस नावाचं एक अख्खं कुळ असं आहे की ते भारताबाहेर कुठेच नाही. पण शागासचा परजीवी इथे नाही. बंदूक आहे, गोळी नाही."

मद्रासच्या डोनोव्हनची गोष्टही त्याने सांगितली. काळा आजाराचा जंतू ज्या दोघांच्या नावाने ओळखला जातो त्यातला हा एक. काळा आजार हाच किडा पसरवतो असा त्याचा संशय होता. संशय चुकला. तो गुन्हा वाळूमाशीचा निघाला, आणि तो सिद्ध व्हायला 1942 साल उजाडलं. पण याच किड्याच्या आतड्यात डोनोव्हनला एक वेगळाच परजीवी मिळाला, उंदरांचा. तेही 1909 सालीच.

मुलगी झोपायला गेली. बायको शेकाचं फडकं डोळ्यावर धरून बसली होती. डॉक्टरने पाय लांब केले आणि म्हणाला, "शागासचा नाही, पण त्याचा चुलतभाऊ आपल्याकडे आहे. तू एएससीवाला, खच्चरं सांभाळलीस. सर्रा माहीत असेलच तुला."

माहीत आहे. मी गप्प बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: सर्रा हा घोडे, खेचरं, उंट, गुरं यांचा रोग. परजीवी शागासच्याच गोत्रातला, ट्रिपॅनोसोमा. नाव इव्हान्सी, कारण तो 1880 साली डेरा इस्माईल खानच्या छावणीत ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या फौजी पशुवैद्याने आजारी घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात बघितला. (डार्विनला किडा चावला त्याच 1835 साली हा इव्हान्स जन्मला, आणि शंभर वर्षं पुरी करून गेला.) जनावरांना रोग पाडणारा ट्रिपॅनोसोमा ओळखला गेला तो हा पहिला, तोसुद्धा फौजेच्या तबेल्यात. वरिष्ठांनी आधी त्याचं म्हणणं उडवून लावलं. मोठ्या चावऱ्या माश्यांमुळे हे होतं, असं तिथले स्थानिक लोक सांगत होते. तेच पुढे खरं निघालं. टॅबॅनस माशी, आमच्या गावाकडे जिला गोमाशी म्हणतात तसली, एका जनावराला चावते, ते शेपटीने हाकलतं, ती रक्ताने ओली सोंड घेऊन दुसऱ्यावर बसते. परजीवी तिच्या पोटात वाढत वगैरे नाही. शागासचा परजीवी किड्याच्या पोटात मुक्काम ठोकून, रूप बदलून तयार होतो. हा नुसता लिफ्ट मागून जातो.

मी सत्तावीस वर्षांचा होतो, नवा कॅप्टन. एका एटी युनिटात होतो. एटी म्हणजे ॲनिमल ट्रान्सपोर्ट, खच्चरांची पलटण. माझ्या वाचकांतल्या जुन्या लोकांना पेडोंगी आठवत असेल, 1971 मध्ये शत्रूच्या हाती सापडून पाठीवरच्या ओझ्यासकट परत आलेली. आमच्याकडच्या प्रत्येक ड्रायव्हरला आपली खच्चर पेडोंगीच वाटायची. एटीत खच्चर हाकणाऱ्यालाच ड्रायव्हर म्हणतात. कागदावर जनावराला फक्त खुराचा नंबर. माझ्या हाताखालचा एक ड्रायव्हर माण तालुक्यातला होता, त्याने आपल्या खच्चरीचं नाव मैना ठेवलं होतं. तिच्याशी तो मराठीत बोलायचा. युनिटात मराठी बोलणारे आम्ही तीनच. मी, तो आणि मैना.

पावसाळा संपत आला होता, आम्ही पहाडातून खाली मैदानात होतो. दहा दिवसांची एक्सरसाइज तोंडावर. शुक्रवारी तो माझ्याकडे आला. "साहेब, मैनेला ताप आहे. एकशेचारच्या वर. मागच्या पायात जोर नाही." व्हेटर्नरी ऑफिसर बाहेर गेले होते, सोमवारी येणार होते. मी म्हटलं, बघू. शनिवार इतर धावपळीत गेला. रविवारी मी स्वतः तबेल्यात गेलो, माझ्यासमोर ताप घेतला. नॉर्मल. मैना दाणा खात होती. तो म्हणाला, "आज नाही साहेब, पण परवा होता. मधेच येतो नि जातो. पोटाखाली हात लावून बघा, सूज आहे."

मी हात लावला नाही. मला माहीत होतं की त्याची बायको बाळंत व्हायची होती आणि त्याची रजा एक्सरसाइजमुळे नामंजूर झाली होती. मी दोन आणि दोन पाच केले. लाइनीत, बाकीच्या सगळ्यांसमोर, मी त्याला बहाणेबाज म्हणालो. हिंदीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना कळावं. आणि फिट असा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवसाच्या चालीत मैना मागचे पाय ओढायला लागली. ओझं त्याने उतरवून इतर जनावरांवर वाटलं, थोडं स्वतःच्या पाठीवर घेतलं. व्हेटर्नरी ऑफिसर तिसऱ्या दिवशी कॅम्पवर पोचले, कानाच्या कडेचं रक्त काचेवर घेतलं, मायक्रोस्कोप लावला आणि मला बोलावलं. मी त्या भिंगातून बघितलं. तांबड्या पेशींच्या गर्दीत काहीतरी वळवळत होतं, पाण्यातल्या सापोळ्यांसारखं, पेशींना धक्के देत. इंजेक्शन दिलं. ती पाचव्या दिवशी पहाटे गेली.

त्या ऑफिसरने मला ओरडून नाही, शांतपणे समजावलं. या परजीवीच्या अंगावर एक कोट असतो. शरीर त्या कोटाला ओळखून मारामारी सुरू करतं, बहुतेक मरतात, ताप उतरतो. पण त्यातल्या काहींनी तोवर कोट बदललेला असतो. ते पुन्हा वाढतात, पुन्हा ताप. युनिफॉर्म बदलून तोच शत्रू पुन्हा लाइनीत. मधल्या दिवसात थर्मामीटर लावलं तर नॉर्मल, रक्त बघितलं तर स्वच्छ. "सर्रामध्ये नॉर्मल टेम्परेचरला अर्थ नाही," ते म्हणाले, "ड्रायव्हरच्या तोंडाला अर्थ आहे." सगळ्या जनावरांचं रक्त तपासलं. आणखी दोन निघाली, ती वाचली.

त्याने मला काही म्हटलं नाही. मीही त्याला काही म्हटलं नाही. रजा दिली. शेरा मात्र कागदावर राहिला आणि लाइनीत म्हटलेला शब्द लाइनीत.

हे सगळं मी त्या रात्री डॉक्टरला सांगितलं. बायकोलाही पहिल्यांदाच. ती फडकं खाली ठेवून ऐकत होती. डॉक्टर थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, "मग तुला आमच्या विदर्भातली गोष्ट ऐकायलाच पाहिजे."

चंद्रपूर जिल्ह्यातलं शिवणी गाव. 2004 साल. पंचेचाळीस वर्षांचा एक शेतकरी. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मध्येच भ्रमिष्टासारखं करतो. मलेरियाचा मुलूख, तेव्हा मलेरियाच वाटणार. पण रक्ताच्या काचेवर दिसले ट्रिपॅनोसोमा. नागपूरच्या डॉक्टरांनी ते प्रकरण हातात घेतलं. माणसात ट्रिपॅनोसोमा म्हटलं की आफ्रिकेतला झोपेचा आजार नाहीतर अमेरिकेतला शागास, आणि या गृहस्थाने तर देश सोडलेला नव्हता. तपासण्या परदेशात गेल्या आणि उत्तर आलं, इव्हान्सी. सर्रा. जनावरांचा रोग माणसाला. इव्हान्सीने माणसाला धरल्याची जगातली ही पहिली पक्की नोंद, 2005 साली छापून आली.

हा माणसाला होत नाही, ते का? आपल्या रक्तात अपोलिपोप्रोटीन एल-1 नावाचं एक प्रथिन असतं. परजीवी ते खाऊ समजून आत घेतो, ते आत जाऊन त्याच्या पोटातल्या पिशवीला भोकं पाडतं आणि तो फुगून मरतो. म्हणजे आपल्या प्रत्येकाच्या रक्तात एक संत्री उभा आहे आणि आयुष्यभर आपल्याला त्याचा पत्ता नसतो. या शेतकऱ्याच्या जनुकांच्या दोन्ही प्रतींत बिघाड होता, त्याच्या रक्तात ते प्रथिनच नव्हतं. 2006 मध्ये हे उघड झालं. प्रयोगशाळेत त्याच्या रक्तद्रवात ते प्रथिन बाहेरून घातलं, तर परजीवी मरायला लागले. सुरामिन नावाच्या जुन्या औषधाने तो माणूस बरा झाला. हे औषध जर्मनीत पहिल्या महायुद्धाच्या काळात तयार झालेलं, आणि त्यानेच पूर्वी उंट-घोड्यांचा सर्राही बरा करत. नंतर गावातल्या अठराशेहून जास्त लोकांची तपासणी झाली. परजीवी कुणात मिळाला नाही.

"म्हणजे एकटाच," मी म्हटलं.

"तेव्हा एकटाच. 2015 मध्ये व्हिएतनाममध्ये एका बाईला झाला, तिचं प्रथिन शाबूत होतं. त्यामुळे आता फार छाती ठोकून बोलत नाहीत लोक." मग तो म्हणाला, "मला त्या केसमध्ये काय आवडतं सांगू? त्याचा ताप मधेमधे उतरायचा. परजीवी काचेवर कधी दिसायचे, कधी नाही. पाच महिने हेच चाललं होतं. एखाद्या चांगल्या दिवशी कुणी म्हटलं असतं, जा घरी, काही नाही तुला, तर संपलं असतं. कुणीतरी पुन्हा पुन्हा काच लावत राहिलं."

तो साडेअकराला गेला. डबीतला किडा आम्ही व्हरांड्यात सोडला. तो आंब्याच्या फांदीवर चढला आणि दिसेनासा झाला. बायको म्हणाली, "त्याचा नंबर आहे का तुझ्याकडे?" किड्याबद्दल नाही, हे मला कळलं.

नंबर नव्हता. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कार्यालयातल्या एका ओळखीच्या माणसाकरवी निरोप पाठवला. चार दिवसांनी त्याचाच फोन आला. हवालदार म्हणून निवृत्त झालाय. म्हसवडच्या बाजूला शेती, दोन जर्सी गाई, एक म्हैस. मुलगी, जी त्या वेळी जन्मायची होती, ती आता नर्सिंगला आहे.

मी बोलायला सुरुवात केली. नीट जमलं नाही. मराठीत आधी कधी माफी मागितली नव्हती, निदान युनिफॉर्ममधल्या माणसाची. रविवारी मी पोटाखाली हात लावायला हवा होता, असं काहीतरी बोललो. आणि लाइनीत बोललेला शब्द परत घेतो, असंही.

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "शब्दाचं लागलं होतं साहेब. खोटं कशाला बोलू? दोन वर्षं लागलं. मग तुमची बदली झाली, माझी झाली." आणि मग त्याने मैनेच्या खुराचा नंबर सांगितला. पाच आकडी, न अडखळता. मला आठवत नव्हता.

मग मी त्याला चंद्रपूरच्या शेतकऱ्याची गोष्ट सांगितली. तो मन लावून ऐकत होता, मधे मधे हुंकार देत. शेवटी म्हणाला, "म्हणजे मैनेचं माणसालाबी होतं. आमची एक कालवड चार दिवस झाले नीट खात नाही."

"ताप आहे का?"

"परवा होता. आज नाही."

"अरे, मग आजच डॉक्टरला..."

"कालच बोलावला साहेब. रक्त घेऊन गेलाय."